सपाट तळाची छोटी अ‍ॅल्युमिनियम बोट कोणती घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन करतं. क्रॅपी मासा अंडी घालायला काठाजवळ येऊ लागलेला असतो, हवा छान असते आणि काठावरून गळ टाकून कंटाळलेल्या माणसाला स्वतःची बोट असावी असं वाटायला लागतं. मी आजवर तीन जॉन बोटी वापरल्या, एक नवी आणि दोन जुन्या. फोनवर जे सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय. कायदे टेक्सासचे आहेत, दुसऱ्या राज्यातल्यांनी आपल्याकडचे नियम पाहावेत.

जॉन बोट म्हणजे नेमकी कोणती बोट?

तळ सपाट, कडा बुटक्या आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, टोकदार नसून चौकोनी कापल्यासारखी. मिझुरी आणि आर्कान्सा राज्यांतल्या ओझार्क डोंगरातल्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांवर मासे धरायला लोक अशा लाकडी होड्या बांधत. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅल्युमिनियम स्वस्त झालं आणि लाकडाच्या जागी पत्रा आला. मिझुरीतलं लेबनन हे गाव आजही या बोटींसाठी ओळखलं जातं. लो आणि जी-थ्री या दोन्ही कंपन्या तिथल्याच.

सपाट तळामुळे ही बोट वितभर पाण्यातही तरंगते. कोकणातल्या होड्या पाहिलेल्या माणसाला ती सुरुवातीला बोट वाटतच नाही, पत्र्याचं मोठं घमेलं वाटतं. आपल्याकडची होडी लाट कापायला घडवलेली असते. हिला लाट कापता येत नाही, हिचं राज्य संथ पाण्यावर.

१२३६, १४४२, १४४८ हे आकडे कसले?

पहिले दोन आकडे लांबीचे, फुटांत. शेवटचे दोन तळाच्या रुंदीचे, इंचांत. म्हणजे १४४८ ही १४ फूट लांब आणि तळाशी ४८ इंच रुंद. इथे एक घोटाळा नेहमी होतो. जाहिरातीत ‘बीम’ म्हणून जी रुंदी छापतात ती वरच्या कडांमधली असते. कडा बाहेर झुकलेल्या असल्यामुळे ती तळापेक्षा बरीच जास्त भरते. दोन बोटींची तुलना करताना तळाची रुंदी तळाच्या रुंदीशीच लावा. विकणाऱ्याला नक्की माहीत नसेल तर टेप घेऊन स्वतः मोजा.

लांबी जास्त महत्त्वाची की रुंदी?

रुंदी. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

माझी पहिली बोट १२३६ होती. वजन शंभर-सव्वाशे पौंड, दोघांनी उचलून पिकअपमध्ये टाकता यायची. एकट्यासाठी झकास. पहिल्यांदा मुलाला घेऊन गेलो तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याच्या गळाला मासा लागला आणि तो आनंदाने उभा राहून कडेला वाकला. मीही नकळत त्याच्याच बाजूला सरकलो. पाणी कडेपासून चार बोटांवर आलं. मी मागे बसलो आणि बोट सावरली, पण त्या क्षणी त्याच्या लाल लाइफ जॅकेटचा पट्टा पाण्याला टेकलेला मी पाहिला. तो पट्टा अजून डोळ्यासमोर आहे.

सपाट तळाची बोट सुरुवातीला अगदी स्थिर वाटते, चौरंगावर बसल्यासारखी. पण एका मर्यादेपलीकडे कलली की सांभाळायला वेळ देत नाही. ती मर्यादा मुख्यतः रुंदी आणि कडेची उंची ठरवते. ३६ इंच तळावर दोघं एका बाजूला आले की संपलं. ४८ इंच तळावर तेच दोघं उभं राहून मासा आत घेऊ शकतात. मोटर पुढे बदलता येते, खुर्च्या बदलता येतात, ट्रेलरही बदलता येतो. तळ मात्र रुंद करता येत नाही.

माझा सल्ला असा: एकटेच जाणार आणि तेही लहान तळ्यांवर, तर १२३६ किंवा १४३६ चालेल. दोघं जाणार असाल तर १४४२. घरातलं मूल किंवा वडीलधारं माणूस कधीमधी जरी येणार असेल तर १४४८च्या खाली जाऊ नका. १६४८ आणि १६५२ याहून चांगल्या, पण मग गॅरेजमध्ये जागा लागते. ट्रेलरची दांडी धरून एकूण लांबी २० फुटांच्या आसपास जाते, बऱ्याच घरांच्या गॅरेजमध्ये ती बसत नाही.

नाळ चौकोनी घ्यावी की थोडी व्ही आकाराची?

तळी, नद्यांचे फाटे, कॅडो लेकसारखं सायप्रसच्या झाडांत शिरलेलं पाणी, इथे चौकोनी नाळ. पुढे उभं राहायला जागा मिळते आणि बोट सरळ काठाला टेकवता येते. मोठ्या तलावावर जायचं असेल तर पुढून व्ही आणि मागे सपाट होत जाणारा तळ घ्या, त्याला ‘मॉड व्ही’ म्हणतात. फूटभर लाटेत चौकोनी नाळेची बोट प्रत्येक लाटेवर थाडथाड आपटते आणि पाणी तोंडावर उडतं. व्हीमुळे हे निम्म्याने तरी कमी होतं. मोबदल्यात थांबलेली बोट किंचित जास्त डुलते आणि पुढची जागा थोडी कमी होते.

रिव्हेटची घ्यावी की वेल्डची?

रिव्हेटची, म्हणजे पत्रे धातूच्या खिळ्यांनी ठोकून जोडलेली बोट पातळ पत्र्यात बनते, हलकी असते आणि स्वस्त मिळते. वर्षानुवर्षं लाटांचे आणि ट्रेलरचे हादरे बसले की काही रिव्हेट सैल होतात आणि पाणी झिरपू लागतं. झिरपणं म्हणजे बोट वाया गेली असं नाही. सैल रिव्हेट आतून ठोकणीचा आधार देऊन बाहेरून पुन्हा ठोकून घट्ट करता येतो, बारीक झिरप आतून एपॉक्सी लावून थांबवता येते. माझी दुसरी बोट अशीच होती. एक शनिवार गेला, पण नंतर दोन वर्षं कोरडी राहिली.

वेल्डची, म्हणजे पत्रे वितळवून सांधलेली बोट जाड पत्र्याची, जड आणि महाग. लेक फोर्कसारख्या ठिकाणी, जिथे तलाव भरताना झाडं मुद्दाम उभी ठेवली होती आणि पाण्याखाली खोडंच खोडं आहेत, तिथे नेहमी जाणार असाल तर वेल्डच घ्या. पण वेल्ड म्हणजे गळणारच नाही असंही नाही. वेल्डला तडा गेला की तो घरी दुरुस्त होत नाही, अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग येणारा माणूस शोधावा लागतो.

महिन्यातून एकदा शांत पाण्यावर जाणाऱ्याला रिव्हेटची बोट पुरेशी आहे. वाचलेले पैसे मोटरीत घाला.

पत्रा किती जाड असावा?

इथे जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. रिव्हेटच्या बोटी साधारण .०५० ते .०६३ म्हणजे १.३ ते १.६ मिलिमीटर. वेल्डच्या .०८० ते .१२५ म्हणजे २ ते ३.२ मिलिमीटर. पत्रा ५०५२ किंवा ५०८६ मिश्रधातूचा असतो. त्यात मॅग्नेशियम असल्यामुळे तो पाण्यात टिकतो.

जाडीइतकंच आतल्या फासळ्यांकडे बघा. रिकाम्या बोटीत चढून तळावर पाय दाबा. तळ डब्याच्या झाकणासारखा ‘टक’ करून आत-बाहेर होत असेल तर फासळ्या विरळ आहेत.

कॅपॅसिटी प्लेटवर तीन माणसं लिहिलं आहे. मग तिघं जाऊ शकतो ना?

वजन बसलं तरच. अमेरिकेत २० फुटांखालच्या अशा मोटरबोटींवर ही पाटी १९७२ पासून सक्तीची आहे. तीवर माणसांची संख्या आणि त्यांचं वजन, माणसं, मोटर आणि सामान मिळून एकूण वजन, आणि जास्तीत जास्त अश्वशक्ती लिहिलेली असते. यातली जी मर्यादा आधी गाठली जाईल ती खरी.

समजा एकूण मर्यादा ७५० पौंड आहे. आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून लावायची पेट्रोलची मोटर) ९५, सहा गॅलनची भरलेली टाकी ४५, लेड-अ‍ॅसिड बॅटरी ६५, ट्रोलिंग मोटर (हळू चालायची विजेची छोटी मोटर) ३०, कूलर, नांगर, गळ वगैरे ५०. हे झाले २८५. उरले ४६५. त्यात १७० पौंडांचे दोन जण आणि एक मूल बसतं, तिसरा मोठा माणूस बसत नाही. घरून निघायच्या आधी कागदावर ही बेरीज करा. पाण्यावर तोंडी अंदाज नेहमी कमीच निघतो.

जुन्या बोटीची पाटी निघालेली किंवा रंगवलेली असेल तर विकणारा सांगेल ती मर्यादा खरी मानू नका. मी तरी अशी बोट सोडून देतो.

मोटर किती अश्वशक्तीची घ्यावी?

पाटीपेक्षा जास्त कधीच नको. सारख्याच मापाच्या दोन १४४८वर वेगवेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, १५ इंची असेल आणि मोटरीचा दांडा हाताने वळवायचा असेल तर मर्यादा साधारण १५-२०च्या घरात येते. ट्रान्सम २० इंची असून स्टीअरिंगची सोय असेल तर ती बरीच वर जाते. ट्रान्समच्या उंचीप्रमाणेच मोटरीचा शाफ्ट, म्हणजे खाली पाण्यात जाणारी दांडी, घ्यावा लागतो. १५ इंची ट्रान्समवर लांब शाफ्टची स्वस्त मोटर मिळाली म्हणून लावू नका, उथळ पाण्यात ती तळाला घासत जाईल.

१२३६ला ५-६ अश्वशक्ती, १४४२ला ९.९, १४४८ला १५ ते २० हे समीकरण बहुतेकांना पुरतं. ९.९चे टेक्सासमध्ये दोन फायदे आहेत. डॅलसच्या व्हाइट रॉक लेकवर १०.५च्या वर परवानगी नाही, तिथे ही चालते. आणि १ सप्टेंबर १९९३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना १५ अश्वशक्तीहून मोठी मोटर चालवायला बोटिंगचा कोर्स करावा लागतो, ९.९ला तो सक्तीचा नाही. तरीही करा. ऑनलाइन होतो, आणि मुलांबरोबर बसून केला तर त्यांनाही पाण्यावर कोणत्या बाजूने जायचं याचे नियम कळतात.

एक सूचना: नवी मोटर बहुतेक वेळा बोटीपेक्षा महाग पडते. बजेट ठरवताना आधी मोटरीची किंमत बघा, मग बोटीची.

फक्त विजेच्या मोटरीवर भागेल का?

लहान तळ्यावर आरामात. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपियर खाते. १०० अँपियर-तासाची लिथियम बॅटरी त्या वेगात दोन तास चालते, हळू गेलात तर जवळजवळ दिवसभर. तेवढ्याच आकड्याच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. वजनातही फरक आहे: लिथियम पंचवीसेक पौंड, लेड-अ‍ॅसिड पासष्टच्या पुढे. छोट्या बोटीत चाळीस पौंड वाचणं ही मोठी गोष्ट आहे.

वारा सुटला तर मात्र विजेच्या मोटरीची कसोटी लागते. सपाट हलकी बोट पत्रावळीसारखी वाहत जाते. बोटीत वल्ही ठेवाच.

जुनी बोट बघायला गेल्यावर काय तपासू?

पाणी. बोट ट्रेलरवर असतानाच मालकाला विचारून होजने आत चार-पाच इंच पाणी भरा. जास्त नको, पाण्याचं वजन ट्रेलरला झेपलं पाहिजे. मग खाली वाकून तळ बघा. जिथे थेंब धरेल तिथे मार्करने खूण करा. दहा-बारा खुणा म्हणजे एका शनिवारचं काम. एखाद्या शिवणीच्या कडेने सलग ओल दिसली तर बोट न घेता घरी परता.

त्यानंतर ट्रान्सम. मोटर धरून वर-खाली हलवा. ट्रान्सममध्ये आत लाकूड असतं, ते कुजलं असेल तर फळी मोटरीबरोबर हलताना दिसते.

बाकांखालचा फोमही विसरू नका. बोट बुडू नये म्हणून तो घातलेला असतो, पण जुन्या बोटीत तो पाणी पिऊन जड होतो. माझ्या दुसऱ्या बोटीचा मधला बाक उघडला तेव्हा पिवळा पडलेला फोम हाताने पिळता येत होता. तो काढून नवा घातला आणि बोट पाण्यात स्पष्टपणे वर तरंगायला लागली. काढलात तर नवा घालायलाच हवा, रिकामा बाक ठेवू नका.

ट्रेलरच्या टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर हायवेवर फुटतो.

कागदपत्रं कोणती लागतात?

टेक्सासमध्ये तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळे कागद. बोटीचं टायटल (मालकीचा कागद), आउटबोर्ड मोटरीचं स्वतंत्र टायटल आणि ट्रेलरचे कागद. पहिले दोन टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे, तिसरे काउंटीच्या टॅक्स ऑफिसात. विकणारा बोटीचं टायटल दाखवतो आणि मोटरीचं ‘घरी कुठेतरी आहे’ म्हणतो, हा अनुभव मला आला आहे. तो कागद कधीच आला नाही, आणि ती मोटर माझ्या नावावर करायला मला चार महिने हेलपाटे घालावे लागले. दोन्ही टायटल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मोटरीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी तिथेच जुळवून पाहा.

विजेची छोटी मोटर लावली तरी ती मोटरबोट ठरते आणि नोंदणी लागते.

आमची सीआर-व्ही ही बोट ओढेल का?

ओढेल. साध्या पेट्रोलच्या होंडा सीआर-व्हीची ओढण्याची मर्यादा १,५०० पौंड आहे; हायब्रिडची कमी असते, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहा. रिव्हेटची १४४८, २० अश्वशक्तीची मोटर आणि ट्रेलर मिळून साधारण हजार पौंडांच्या आत-बाहेर जातात. सिएना किंवा ओडिसीसारखी मिनीव्हॅन असेल तर प्रश्नच नाही. एकूण वजनाच्या दहाएक टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, यावा, नाहीतर मागे ट्रेलर शेपटीसारखा हलतो.

आत लाकडी फ्लोअर आणि कार्पेट घालू का?

घाला, पण लाकूड बघून. दुकानात बाहेरच्या वापरासाठी मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या प्लायवूडमध्ये तांब्याचे क्षार असतात. ओलसर अ‍ॅल्युमिनियमला तांबं लागलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि काही वर्षांत तळाला टाचणीएवढी भोकं पडतात. साधं चांगलं प्लाय घेऊन त्याला सगळ्या बाजूंनी एपॉक्सी लावा, नाहीतर सरळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वापरा. याच कारणाने बोटीच्या तळाशी पडलेलं एक सेंटचं नाणं लगेच उचला. कार्पेट ओल धरून ठेवतं, मला रबरी चटई जास्त आवडते.

उंच डेक बांधून त्यावर खुर्ची लावण्याचे व्हिडिओ खूप आहेत. अरुंद बोटीत हे करू नका. माणसाचं वजन फूटभर वर गेलं की ती कलंडायला निमित्त शोधते.

भारतातून आलेल्या आईबाबांना नेता येईल का?

नक्की न्या, पण तयारी करून. माझी आई नऊवारी नाही, साधी पाचवारी नेसते. आधी मी तिला काठावरून चढवायला गेलो, ते चुकलं. बोट पाण्यात उतरवायच्या ओल्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, पाय घसरतो. दुसऱ्या वेळी धक्क्याला बोट दोन्ही टोकांनी बांधली, मी आत मध्यभागी बसलो आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून पाऊल मधोमध टाकलं. निऱ्या जरा वर खोचून घेतल्या होत्या. बसायला पाठीची खुर्ची हवी. नुसत्या बाकावर साठीच्या माणसाची कंबर अर्ध्या तासात दुखू लागते. लाइफ जॅकेट तिने साडीवर घातलं, मापाचं, बकल लावून. टेक्सासमध्ये २६ फुटांखालच्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलाने बोट चालू असताना ते घालणं कायद्याने सक्तीचं आहे. आमच्या बोटीत सगळेच घालतात.

बाबांना गळ धरायचा असेल तर त्यांचंही लायसन्स लागतं, १७ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या पाहुण्यालासुद्धा. एका दिवसाचं मिळतं.

जून ते सप्टेंबर सकाळी साडेनऊपर्यंत परत या. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही.

कोणत्या कंपनीची घ्यावी?

ट्रॅकरची टॉपर रिव्हेटची आणि स्वस्तातली, त्यांचीच ग्रिझली वेल्डची. लोची रफनेक वेल्डची. आर्कान्सातल्या वॉर ईगल आणि सीआर्क जड कामाच्या, महाग, पण विकायला काढल्या तर भाव टिकवून असतात. अ‍ॅल्युमाक्राफ्टच्या जुन्या रिव्हेटच्या बोटी चांगल्या स्थितीत मिळाल्या तर मी डोळे झाकून नाही, पण पाणी भरून तपासून घेईन. कंपनीच्या नावापेक्षा त्या एका बोटीचं आयुष्य कसं गेलं हे महत्त्वाचं.

कोणत्या तलावावर जाऊ नये?

वारा असेल त्या दिवशी टेक्सोमा, टवाकोनी आणि रे हबर्डवर नाही. वसंतात दक्षिणेकडचा वारा दुपारपर्यंत वाढत जातो. सकाळी काचेसारखं असलेलं पाणी परतताना पांढऱ्या शेंड्यांनी भरलेलं असतं. ताशी १५ मैलांच्या वर वारा सांगितला असेल तर मी लहान तळ्यावर जातो किंवा घरी राहतो.

घरी येताना बोटीतलं पाणी का काढायचं?

कायदाच आहे. टेक्सोमामध्ये २००९ साली झेब्रा शिंपले सापडले आणि तिथून ते बोटींतल्या पाण्याबरोबर इतर तलावांत पोचले. पूर्वेकडे कॅडोवर जायंट साल्व्हिनिया हे शेवाळासारखं पसरणारं नेचं आहे, त्याचा एक तुकडा ट्रेलरला चिकटून आला तरी पुरतो. रॅम्पवरून वर आल्यावर बोटीतलं पाणी सोडायचं बूच काढा, पाणी जाऊ द्या, ट्रेलरच्या दांड्यांवरचं गवत हाताने काढा. काढलेलं बूच गाडीच्या किल्लीला अडकवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी बोट पाण्यात सोडण्याआधी ते हातात येईलच.

ट्रेलर मागे घ्यायला जमेल ना?

आधी रविवारी सकाळी शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये तासभर सराव करा. हात स्टीअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्या, तो तिकडेच वळेल. लहान ट्रेलर मोठ्यापेक्षा पटकन आडवा वळतो, म्हणून अगदी हळू. पहिल्यांदा रॅम्पवर जाल तेव्हा मंगळवार-बुधवारची सकाळ निवडा, मागे रांग नसते. आणि दोरी बोटीला आधीच बांधून एक टोक धक्क्यावरच्या माणसाच्या हातात द्या.